रक्तातील साक्ष : पुणे शहरातील डेंग्यूचा माग

पावसाळा सुरू झाला की वृत्तपत्रांत एक लहानशी चौकट नेमाने येऊ लागते. शहरात या महिन्यात डेंग्यूचे संशयित रुग्ण इतके, निदान झालेले इतके. आपण ती चौकट वाचतो, मागील वर्षाशी मनातल्या मनात तुलना करतो आणि साथ वाढली की ओसरली याचा अंदाज बांधतो. प्रस्तुत लेखात आम्हांस याच चौकटीविषयी एक प्रश्न विचारावयाचा आहे. हा आकडा नेमके काय मोजतो, आणि काय मोजायचे राहून जाते? आमच्यासारख्या निवासी शाळेत विज्ञान शिकविणाऱ्यांना हा प्रश्न केवळ अभ्यासाचा वाटत नाही. शेकडो मुले एका छताखाली राहतात तेथे या प्रश्नाच्या उत्तरावर त्यांचे आरोग्य अवलंबून असते.

त्या चौकटीत नाव लागण्यासाठी तापलेल्या माणसाला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. प्रथम त्याने डॉक्टरांकडे जावे लागते, नंतर डॉक्टरांनी रक्ततपासणी सुचवावी व ती करून घेण्याइतके पैसे हाती असावे लागतात, आणि शेवटी त्या तपासणीचा अहवाल महापालिकेच्या आरोग्य विभागापर्यंत पोहोचावा लागतो. रोजंदारीवर जाणारा मजूर ताप आल्यावर औषधाच्या दुकानातून गोळी घेतो व तिसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जातो. घरकाम करणारी बाई अंगदुखी अंगावर काढते. अशी माणसे पहिल्याच पायरीवर गळून पडतात. शिवाय डेंग्यूचा संसर्ग झालेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना एक तर काहीच होत नाही, किंवा साधा ताप येऊन जातो. म्हणजे नोंदवहीतील आकडा हा साथीचा आकडा नव्हे. दवाखान्यापर्यंत पोहोचू शकलेल्यांचा तो आकडा होय.

मग न पोहोचलेल्यांचा हिशेब कोठे मिळावा? तो प्रत्येकाच्या रक्तात लिहिलेला असतो.

रक्त काय जपून ठेवते

शरीरात विषाणू शिरला की त्याला ओळखून अडविणारी प्रथिने रक्तात तयार होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. डेंग्यूच्या बाबतीत दोन प्रकारची प्रतिपिंडे महत्त्वाची आहेत. पहिला प्रकार आयजीएम. ताप सुरू झाल्यापासून साधारण पाचव्या दिवसाच्या सुमारास ही दिसू लागतात आणि दोन-तीन महिन्यांत नाहीशी होतात. म्हणून आयजीएम सापडली तर संसर्ग नुकताच झाला आहे असे समजावे. दुसरा प्रकार आयजीजी. पहिल्या संसर्गात ही थोडी उशिरा येतात, परंतु एकदा आली की वर्षानुवर्षे, बहुधा जन्मभर, टिकतात. दुसऱ्यांदा डेंग्यू झाला तर हीच आयजीजी अल्पावधीत आणि फार मोठ्या प्रमाणात वाढते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. एखाद्या व्यक्तीच्या रक्तात आयजीजी सापडली तर आज तिला ताप नसला, पूर्वी कधी डेंग्यूचे निदान झाले नसले, तरी आयुष्यात केव्हातरी त्या विषाणूशी तिची गाठ पडली आहे असे म्हणता येते. मात्र तान्ह्या बाळाच्या बाबतीत थोडे जपून बोलावे लागते. आईची आयजीजी वारेतून बाळाकडे जाते व पहिल्या वर्षात हळूहळू ओसरते. बाळाच्या रक्तातील साक्ष कधी कधी आईचीच असते.

समाजातील निरनिराळ्या वयांच्या लोकांचे थोडे थोडे रक्त घेऊन त्यातील प्रतिपिंडे तपासणे यालाच सिरो सर्वेक्षण म्हणतात. करोनाच्या काळात हा शब्द पुणेकरांच्या कानावरून गेला आहे. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये शहरातील अधिक बाधित अशा पाच प्रभागांत १,६६४ व्यक्तींचे रक्त तपासले गेले, तेव्हा त्यांपैकी सुमारे ५१.५ टक्क्यांच्या रक्तात करोनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. नोंद झालेले रुग्ण आणि प्रत्यक्ष संसर्ग झालेले लोक यांतील तफावत केवढी असू शकते, हे त्या वेळी सर्वांनी पाहिले. डेंग्यूची गोष्टही तशीच आहे. फरक इतकाच की, डेंग्यू आपल्याकडे एका वर्षाचा पाहुणा म्हणून आलेला नाही.

या पद्धतीचे पुण्याशी नाते

रक्तातील प्रतिपिंडांवरून रोगाचा नकाशा काढण्याची पद्धत प्रथम पीतज्वरासाठी वापरली गेली. १९३० च्या दशकात आफ्रिका व दक्षिण अमेरिका खंडांतील लोकांचे रक्तजल, म्हणजे प्रयोगशाळेत ज्याला सीरम म्हणतात ते, तपासून पीतज्वर कोठवर पसरला आहे हे शोधण्यात आले. तपासणीची रीत सोपी पण कष्टाची होती. माणसाचे रक्तजल व विषाणू एकत्र करून ते उंदरांना टोचावयाचे. उंदीर जगला तर त्या रक्तजलात संरक्षक प्रतिपिंडे आहेत, मेला तर नाहीत.

हीच पद्धत पुण्यात आली ती १९५२ मध्ये. भारतीय वैद्यकीय संशोधनाचे कार्य पाहणारी केंद्रीय परिषद व रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून त्या वर्षी येथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. आज डॉ. आंबेडकर रस्त्यावर उभी असलेली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, जिला आपण एनआयव्ही म्हणतो, ती हीच. १९७८ मध्ये तिला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. केंद्राने आरंभीच देशाच्या निरनिराळ्या भागांतील रहिवाशांचे रक्तजल तपासले, आणि डेंग्यूसह अनेक विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे त्यात सापडली. देशात कोणते विषाणू फिरत आहेत याचा पहिला सुगावा असा रुग्णांच्या नोंदींतून नव्हे, तर निरोगी दिसणाऱ्या माणसांच्या रक्तातून लागला. आज देशभरातील ठरावीक शासकीय रुग्णालयांत डेंग्यूच्या निदानासाठी आयजीएम तपासण्याचे जे एलायझा संच वापरले जातात, तेही याच संस्थेत तयार होतात.

२०१७ चे पुण्याचे सर्वेक्षण

खुद्द पुणे शहराच्या रक्तात काय लिहिले आहे, हे २०१७ मध्ये नीट वाचले गेले. त्या वर्षी ४ मे ते २७ जून या काळात, म्हणजे साथीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, आरोग्य केंद्रांच्या आधारे टप्प्याटप्प्याने निवड करून सर्व वयोगटांतील १,४३४ व्यक्तींचे रक्त तपासण्यात आले. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष असे. एकंदर ८१ टक्के लोकांना आयुष्यात निदान एकदा तरी डेंग्यूचा संसर्ग होऊन गेला होता. तीन वर्षांखालील बालकांत हे प्रमाण २१.६ टक्के, तर दहा ते बारा वर्षांच्या मुलांत ५९.४ टक्के होते. सत्तरीपुढील एकूण एक व्यक्तीच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. शहराच्या सर्व भागांत प्रमाण सारखे नव्हते.

येथे एक शंका रास्त आहे. डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर हे विषाणू एकाच कुळातील असल्याने एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या तपासणीतही कधी कधी दिसतात. पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी २०२१ मध्ये महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्ण सापडला, हे वाचकांना आठवत असेल. मग आयजीजी नेमकी डेंग्यूचीच कशावरून? यासाठी संशोधकांनी १२० बाधित नमुन्यांवर आणखी बारीक चाचणी केली. काचेच्या पात्रात पेशींचा पातळ थर वाढवून त्यावर विषाणू सोडला की जागोजागी पेशी मरून थराला भोके पडतात. त्यात योग्य प्रतिपिंडे असलेले रक्तजल मिसळले की भोके कमी होतात. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. चारही प्रकारांसाठी ही चाचणी वेगवेगळी केली असता, तपासलेल्यांपैकी ६९ टक्क्यांहून अधिक लोकांत चारही प्रकारांना रोखणारी प्रतिपिंडे मिळाली. म्हणजे पुण्यात एखादा नव्हे, चारही प्रकार दीर्घकाळ फिरत आहेत.

आकड्यांचा एक धडा

याच सर्वेक्षणातून संशोधकांनी आणखी एक आकडा काढला. ज्यांना अद्याप संसर्ग झालेला नाही, अशांपैकी दरवर्षी ८.६८ टक्के लोकांना संसर्ग होतो. हा आकडा म्हणजे काय, ते आमच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनाही वहीत मांडून पाहता येईल.

समजा, आज पुण्यात शंभर बाळे जन्मली आणि दरवर्षी उरलेल्यांपैकी ८.६८ टक्क्यांना संसर्ग होत गेला. पहिल्या वर्षाअखेर सुमारे ९१ मुले संसर्गावाचून राहतील, दुसऱ्या वर्षाअखेर ८३, पाचव्या वर्षाअखेर सुमारे ६४ आणि दहाव्या वर्षाअखेर केवळ ४० मुले उरतील. म्हणजे दहा वर्षांच्या शंभर मुलांपैकी साठ मुलांना संसर्ग होऊन गेलेला असेल. प्रत्यक्ष रक्ततपासणीत दहा ते बारा वर्षांच्या मुलांत ५९.४ टक्के सापडले, हे आपण वर पाहिलेच. हेच गणित पुढे सत्तर वर्षांपर्यंत नेले तर शंभरांत एकही माणूस शिल्लक राहत नाही, आणि सत्तरीपुढील सर्वांच्या रक्तात प्रतिपिंडे मिळाली होती. वहीतले हे गणित ढोबळ आहे. तरी ते प्रयोगशाळेतील निष्कर्षाशी इतके जुळते, यावरून डेंग्यू या शहरात अधूनमधून येणारी साथ नसून वर्षानुवर्षे संथपणे चालू राहिलेला संसर्ग आहे, ही गोष्ट स्पष्ट होते.

या दराने पुण्यात वर्षाला तीन लाखांहून अधिक संसर्ग होत असावेत आणि त्यांपैकी सुमारे ४७,००० ते ५९,००० जणांना लक्षणे दिसणारा आजार होत असावा, असा अंदाज संशोधकांनी मांडला. वृत्तपत्रातील चौकटीतल्या आकड्याशी हा अंदाज ताडून पाहावा, म्हणजे पहिल्या पायरीवर गळून पडलेली माणसे किती असतील याची कल्पना येते.

दुसऱ्या संसर्गाचा प्रश्न

कोणी म्हणेल, बहुतेकांना काहीच होत नसेल तर चिंता कशाला? चिंतेचे कारण विषाणूच्या चार प्रकारांत आहे. एका प्रकाराचा संसर्ग झाला की त्या प्रकारापासून बहुधा जन्मभर संरक्षण मिळते, पण उरलेल्या तिघांपासून ते थोडेच महिने टिकते. त्यानंतर वेगळ्या प्रकाराचा संसर्ग झाला तर जुनी प्रतिपिंडे नव्या विषाणूला चिकटतात खरी, परंतु त्याला निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट काही वेळा पेशींत शिरण्यास त्याला त्यांची मदतच होते. म्हणून दुसरा संसर्ग पहिल्यापेक्षा अधिक घातक ठरण्याचा धोका असतो. बहुतेकांचा दुसरा संसर्गही सुखरूप जातो. तथापि जे रुग्ण अत्यवस्थ होतात, त्यांत दुसऱ्या संसर्गाचे प्रमाण मोठे असते.

क्युबा देशात याचे ठळक उदाहरण घडले. तेथे १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली आणि ती बव्हंशी सौम्यपणे गेली. १९८१ मध्ये दुसरा प्रकार आला, तेव्हा ३,४४,२०३ रुग्ण नोंदले गेले आणि १५८ जण दगावले, त्यांत १०१ मुले होती. पहिल्या साथीनंतर जन्मलेल्या बालकांत मात्र तीव्र आजार फारसा दिसला नाही, कारण त्यांच्या रक्तात जुनी प्रतिपिंडेच नव्हती.

दुसरे उदाहरण फिलिपिन्सचे. तेथे २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची लस देण्यात आली. लस देण्यापूर्वी मुलांचे रक्त तपासलेले नव्हते. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये लस बनविणाऱ्या कंपनीने जाहीर केले की, ज्यांना पूर्वी कधीही डेंग्यू झालेला नाही त्यांना लस घेतल्यानंतर डेंग्यू झाल्यास तो अधिक तीव्र होण्याचा धोका आहे. मोहीम थांबली, पालक हवालदिल झाले आणि इतर लसींवरचा त्यांचा विश्वासही ढासळला. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ही लस देण्याआधी रक्ततपासणी करावी असे सुचविले. आपल्या देशातही २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वदेशी डेंग्यू लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी सुरू झाली आहे. ती यशस्वी झाली तर कोणत्या वयाच्या मुलांना, कोणत्या भागात ती आधी द्यावी, हे ठरविताना रक्ताच्या सर्वेक्षणाचाच आधार घ्यावा लागेल.

गावाहून आलेले मूल

आता आमच्या वाचकांच्या सर्वांत जवळचा मुद्दा. २०१७-१८ मध्ये देशातील पंधरा राज्यांत पाच ते पंचेचाळीस वर्षे वयाच्या १२,३०० व्यक्तींचे असेच सर्वेक्षण झाले. देशभरात ४८.७ टक्के लोकांच्या रक्तात डेंग्यूची आयजीजी होती. पश्चिम भारतात हे प्रमाण ६२.३ टक्के, दक्षिणेत ७६.९, तर ईशान्येत अवघे ५ टक्के होते. परंतु निवासी शाळेच्या दृष्टीने यातील महत्त्वाचा भेद शहर आणि खेडे यांतील आहे. शहरांत ७०.९ टक्के, तर खेड्यांत ४२.३ टक्के.

निवासी शाळेतील मुले बहुधा खेड्यांतून, वाड्यावस्त्यांतून आणि साखर कारखान्यांच्या हंगामाबरोबर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतून येतात. यांतील पुष्कळ मुलांची डेंग्यूशी अद्याप गाठ पडलेली नसण्याची शक्यता शहरातील मुलांपेक्षा अधिक. ही मुले जूनमध्ये शहरात दाखल होतात आणि त्याच सुमारास पाऊस सुरू होऊन डासांची पैदास वाढते. त्यांच्याच शेजारच्या खाटेवर पुण्यातच वाढलेले, एकदा संसर्ग होऊन गेलेले मूल असते. एकाला पहिल्या संसर्गाचा धोका, दुसऱ्याला दुसऱ्या. दोघांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. म्हणून 'आमच्या मुलाला कधी डेंग्यू झालेला नाही' या पालकांच्या शब्दावर, तो प्रामाणिक असला तरी, शाळेने विसंबून राहू नये, आणि पालकांनीही त्याने निर्धास्त होऊ नये.

अहवाल हाती आल्यावर

पालकांसाठी काही गोष्टी येथे स्पष्ट करणे आम्हांस आवश्यक वाटते. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत विषाणूचा अंश शोधणारी एनएस-वन ही चाचणी उपयोगी पडते, त्यानंतर आयजीएम. पहिल्या-दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम चाचणी 'नाही' आली म्हणून डेंग्यू नाही असे ठरत नाही. उलट केवळ आयजीजी 'आहे' असा अहवाल आला म्हणून घाबरून जाऊ नये. या शहरात पाच माणसांतील चौघांचा अहवाल तसाच येईल. मात्र हा अहवाल फाडून न टाकता मुलाच्या आरोग्यपत्रिकेला जोडून ठेवावा आणि पुढे ताप आल्यास डॉक्टरांना अवश्य दाखवावा.

ताप असताना ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या देऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरला की धोका टळला असेही समजू नये. डेंग्यूत अवघड काळ बहुधा ताप उतरतानाच येतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त येणे, गुंगी, हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

आणि मूळ उपाय पाण्यापाशीच आहे. डेंग्यू पसरविणारी एडिस इजिप्ती डासाची मादी दिवसा चावते, साठविलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला अंडी घालते व जन्मल्या ठिकाणापासून फार दूर जात नाही. अंडी भांड्याच्या आतील कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून पिंप, रांजण, बादली केवळ रिकामी करून भागत नाही, ती आतून घासावी लागते. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, यासाठीच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावयाचा. कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरील टायर, नारळाच्या करवंट्या आणि झाकण नसलेली टाकी यांकडे सर्वांत आधी पाहावे. ज्या वस्तीत नळाला एक दिवसाआड पाणी येते तेथे पाणी साठविणे हा लोकांचा दोष नव्हे. तेथे नियमित पाणी मिळणे हादेखील डेंग्यूवरील उपचारच आहे, आणि तो मागण्याचा नागरिकांना हक्क आहे.

एक विनंती

माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकजण आज परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आरोग्यसेवक, शिक्षक म्हणून काम करीत आहेत. कधी आपल्या वस्तीत किंवा शाळेत सर्वेक्षणासाठी रक्ताचे नमुने मागितले जातील. 'आमच्याच मुलांचे रक्त कशाला?' असा प्रश्न तेव्हा उठेल, आणि तो उठणे योग्यच आहे. संमती लेखी घेतली आहे का, नाव गुप्त राहील का, निष्कर्ष आम्हांला सांगणार का, हे सर्व अवश्य विचारावे. समाधानकारक उत्तरे मिळाल्यावर मात्र मागे हटू नये. जो समाज नमुन्यात नसतो तो निष्कर्षातही नसतो, आणि जो निष्कर्षात नसतो त्याच्या वाट्याला औषध, लस व फवारणीही उशिरा येते. नोंदवहीत ज्यांचे नाव कधी लागले नाही त्यांच्याही आजाराची दखल घेतली जावी, यासाठी दोन-तीन मिलिलीटर रक्त देणे फार नव्हे. आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी ही गोष्ट वस्तीतील वडीलधाऱ्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावी, एवढेच आमचे मागणे आहे.